पूर ओसरला तरी भिंतीतले पाणी ओसरत नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गोव्यातल्या म्हादई, वाळवंटी, खांडेपार किंवा शापोरा नदीचे पाणी लोकांच्या घरांत शिरल्याच्या बातम्या आपल्यासह सर्वच वर्तमानपत्रांत येतात, छायाचित्रे येतात, पंचनामे सुरू झाल्याचेही छापून येते आणि पाणी ओसरले की दोन-तीन दिवसांत विषय मागे पडतो. त्या घरांत राहणाऱ्यांचा खरा त्रास मात्र त्यानंतर सुरू होतो, कारण सोप्यातले आणि अंगणातले पाणी डोळ्यांदेखत निघून जाते, पण चिऱ्यात (जांभ्या दगडात), लादीखालच्या वाळूत, चौकटीच्या पायात आणि विजेच्या पाइपात शिरलेले पाणी तिथेच मुक्काम करते. या न दिसणाऱ्या ओलाव्याविषयी आपल्या वाचकांशी आणि आपल्यामार्फत प्रशासनाशी काही बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली की भिंतींना घाईघाईने रंग द्यायचा, ही आपली जुनी रीत पूर आलेल्या वर्षी घराचे किती नुकसान करते हे मी स्वतः भोगले आहे, आणि तीच चूक दरवर्षी नव्या घरांत होताना पाहणे आता सहन होत नाही.

सत्तरी तालुक्यात म्हादईच्या काठी आमचे वडिलोपार्जित घर आहे. माजघर आणि देवघर जुने, चिऱ्याच्या जाड भिंतींचे, चुन्याच्या गिलाव्याचे, वर मंगळुरी कौले. पुढचा सोपा, स्वयंपाकघर आणि एक निजायची खोली मागाहून बांधलेली, त्यामुळे तिथे सिमेंटचे प्लास्टर, लाद्या, वर स्लॅब आणि भिंतीत दडवलेली वायरिंग. २३ जुलै २०२१ रोजी जो पूर आला, ज्याचे वर्णन मुख्यमंत्र्यांनीच १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असे केले होते, त्या दिवशी आमच्या घरात दोन फूट पाणी चढले आणि सुमारे सात तास राहिले. आजूबाजूला मातीच्या भिंतींची घरे बसली, लोकांचे संसार वाहून गेले. त्यांच्या मानाने आम्ही सुदैवी ठरलो, आणि म्हणूनच पाणी उतरल्यावर आपले फारसे काही गेले नाही अशा समजुतीत राहिलो.

त्या वर्षी चवथ १० सप्टेंबरला होती, म्हणजे पुरानंतर बरोबर ४९ दिवसांनी. गाळ काढला, लाद्या फिनेलने धुतल्या, पंखे लावले, आणि महिन्याभरात भिंत हाताला कोरडी लागू लागली. ठेकेदाराने तळहात टेकवून पाहिला आणि भिंत वाळल्याचा निर्वाळा दिला. सोप्याच्या भिंतींना पुट्टी, तिच्यावर प्रायमर आणि त्यावर ओल येऊ न देणारा म्हणून विकला जाणारा महागडा रंग असा सगळा साज चढला. माजघराला रंग देण्याइतके पैसे उरले नव्हते, म्हणून ते तसेच राहिले. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधली, गणपती आले, पाहुण्यांनी सोप्याचे कौतुक केले.

दसऱ्याच्या सुमारास माटोळीमागच्या भिंतीवर ढगासारखे डाग उमटले. दिवाळीत तिथे रंगाला फोड आले. त्यांतला सुपारीएवढा एक फोड मी टाचणीने टोचला, तर आतून पाण्याचे तीन थेंब निघाले आणि भिंतीवरून ओघळत खाली गेले. ते थेंब पाहीपर्यंत मला वाटत होते की ओल बाहेरून येते आहे, कुठेतरी पाइप गळतो आहे. फोडाखालच्या प्लास्टरवर पांढऱ्या पिठासारखा लोणा, म्हणजे क्षार, साचला होता. मग शंका आली म्हणून स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीत तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, तो शिजलेल्या सुरणात सुरी जावी तसा आत गेला. वरून चौकटीला तेलरंगाचा गुळगुळीत हात होता. आणि ज्या माजघराला रंग मिळाला नाही, त्याची चुन्याची भिंत मात्र शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सुमारास, आपसूक वाळली. एकाच घरात, एकाच पुरात, एका भिंतीला आम्ही श्वास घेऊ दिला आणि दुसरीचे तोंड दाबले, त्याचा हा परिणाम होता.

याचे कारण आपल्या बांधकामातच आहे. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. भारतीय मानकात बसणारा चांगला चिराही स्वतःच्या वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकतो. म्हणजे ३० किलोचा चिरा पुरता भिजला तर त्यात साडेतीन लिटर पाणी मावते. बारा फूट लांबीच्या भिंतीच्या खालच्या तीन थरांत असे सत्तावीस-अठ्ठावीस चिरे असतात. हिशेब केला तर दोन फूट पुराने एका भिंतीत शंभर लिटरच्या घरात, सात-आठ घागरी पाणी भरून ठेवलेले असू शकते. शिवाय हे पाणी पुराच्या रेघेवर थांबत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते चिऱ्याच्या आणि सांध्यांच्या बारीक छिद्रांतून वर चढते. आमच्याकडे पुराची रेघ दोन फुटांवर होती आणि ओलाव्याची हद्द साडेतीन फुटांवर सापडली. म्हणून पुराच्या रेघेपर्यंतचेच प्लास्टर काढून भागत नाही.

असे भिजलेले पाणी भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येऊन वाफ होऊनच बाहेर पडते. चुन्याचा गिलावा ही वाट मोकळी ठेवतो, सिमेंटचे प्लास्टर ती अरुंद करते, आणि पुट्टी, तेलरंग किंवा रबरी थराचा रंग ती जवळजवळ बंद करतो. पृष्ठभाग आधी वाळतो आणि गाभा मागे राहतो, म्हणून तळहाताची परीक्षा फसवी ठरते. जुन्या बांधकामांचे जाणकार भिंत नैसर्गिकपणे वाळायला जाडीच्या दर इंचाला एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. या हिशेबाने नऊ इंची भिंतीलाही नऊ महिने हवेत आणि आपण तिला सात आठवडे देतो.

त्यातही गोव्याचा पावसाळा. पूर आल्यावर दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. पहिल्या काही दिवसांत, घरात अक्षरशः पाणी साचलेले असताना तो योग्यच आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्के असते, रात्री त्याहून जास्त, आणि इतकी ओली हवा भिंतीतले पाणी घेणार तरी किती? ओला टॉवेल भर पावसात पडवीत वाळत घातला तर तो तीन दिवस दमटच राहतो, हे प्रत्येक गोमंतकीय घराला ठाऊक आहे. भिंतीची गोष्ट वेगळी नाही. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळासारखे यंत्र काही शे रुपयांत मिळते. एक घरात आणि एक पडवीत ठेवावे. दुपारी उघडीप मिळून बाहेरचा आकडा उतरला की खिडक्या उघडाव्यात, आणि पाऊस लागला की त्या लावून घ्याव्यात.

खिडक्या लावल्यावर हवेतले पाणी ओढून घेणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, खरे काम करते. ते नसेल तर वातानुकूलन यंत्राच्या ड्राय मोडचाही बऱ्यापैकी उपयोग होतो. पंखा हवा फिरवतो, पाणी बाहेर काढत नाही, पण यंत्राच्या जोडीला भिंतीलगत वारा घालणारा पंखा असेल तर वाळण्याचा वेग चांगलाच वाढतो. काही घरांत भिंती शेकण्यासाठी खोलीत निखाऱ्यांची शेगडी पेटवून दारे लावून घेतात. तसे कृपया कोणीही करू नये. बंद खोलीत निखाऱ्यांचा विषारी वायू वास न येता माणसाचा जीव घेतो.

यंत्राचा माझा एक अनुभव इथे सविस्तर सांगतो, कारण दडलेला ओलावा म्हणजे काय हे मला त्यातून नेमके कळले. आमच्या निजायच्या खोलीच्या भिंतींचा रंग आम्ही दिवाळीनंतर खरवडून काढला होता, उन्हाळ्यात त्या वाळल्याही होत्या. तरी २०२२ च्या जुलैमध्ये, पुराला वर्ष झाल्यावरही, सकाळी दार उघडले की कुबट वास येई. खोली बारा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच. २७ अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅम पाणी राहू शकते, म्हणजे ९० टक्के आर्द्रता धरली तरी त्या संबंध खोलीच्या हवेत जेमतेम एक लिटर पाणी होते. भाड्याने आणलेले यंत्र लावून, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करून चोवीस तासांनी मी टाकी ओतली, तर पाच लिटर पाणी भरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा जवळपास तेवढेच. फटींतून बाहेरची थोडी हवा येत असणार, हे मान्य केले तरी बाकीचे पाणी कुठून येत होते? भिंती कोरड्या होत्या. शेवटी कोपऱ्यातली एक लादी उचलली. तिच्याखालची वाळू मुठीत धरली तर तिचा लाडू वळला. वर्षभर आम्ही त्या पाण्यावर चटई घालून झोपत होतो. जोत्याची भर, तिच्यावरची वाळू आणि वर झिलईची लादी अशी रचना असली की खाली शिरलेल्या पाण्याला वर येण्यासाठी फक्त लाद्यांचे बारीक सांधे उरतात, आणि तेही आपण पांढऱ्या सिमेंटने बुजवलेले असतात. भिंतीलगतच्या लाद्यांची एक रांग काढून ती पट्टी दोन महिने उघडी ठेवली तेव्हा ती खोली सुटली.

ओलावा शोधण्यासाठी आधी नाक वापरावे. खोली रात्रभर बंद ठेवून सकाळी प्रथम आत शिरताना येणारा वास सर्वांत खरा. पाच मिनिटांनी नाकाला सवय होते आणि वास हरवतो. घरातल्या माणसांना तर तो कित्येकदा येईनासाच होतो, म्हणून बाहेरून आलेल्याला विचारावे. मग भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत जावे. प्लास्टर चिऱ्यापासून सुटले असेल तिथे पोकळ आवाज येतो आणि पाणी बहुधा त्या पोकळीत असते. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत. ओट्याखालची प्लायवूडची कपाटे, दिवाणाचा तळ, जिन्याखालची अडगळ, लाद्यांच्या कडेची स्कर्टिंगची पट्टी, पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीचा सर्वांत खालचा थर या जागा आम्हाला एकेक करून सापडल्या, आणि प्रत्येक वेळी वाटले की आता संपले. पोकळ ब्लॉकच्या पोटात तर पाणी चक्क साठून राहते; तळाशी बारीक भोके पाडली तेव्हा आमच्या न्हाणीघराच्या आडभिंतीतून गढूळ पाण्याची धार लागली.

खर्च न करता करण्याजोगी दुसरी परीक्षा प्लास्टिकच्या कागदाची. हातभर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक लादीवर किंवा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावे आणि निदान सोळा तास, जमल्यास पूर्ण दिवस, तसेच ठेवावे. आतल्या बाजूस दव जमले किंवा खालचा भाग गडद झाला तर ओलावा आतून येतो आहे. दव बाहेरच्या बाजूस जमले तर ते खोलीच्या हवेतले आहे, भिंतीला दोष देऊ नये. ही साधी परीक्षा आम्ही रंग देण्यापूर्वी केली असती तर सोप्यावर घातलेले सगळे पैसे वाचले असते.

दोन सुयांचे मॉइश्चर मीटर दोन-तीन हजार रुपयांत मिळते. त्याच्या सुया लाकडात टोचल्या की त्यांच्यामधून वीज किती सहज वाहते त्यावरून ते ओलाव्याची टक्केवारी दाखवते. आपल्याकडे पावसाळ्यात न भिजलेले लाकूडही १५ ते १८ दाखवते, त्यामुळे तेवढ्या आकड्याने घाबरून जाऊ नये; पण आकडा २० च्या वर ठाण मांडून बसला तर कुजणे आणि वाळवी यांची वाट मोकळी झाली असे समजावे. आमची चौकट तळाशी ३१ दाखवत होती आणि कमरेच्या उंचीवर १७. भिंतीवर मात्र या मीटरचा आकडा टक्केवारी म्हणून वाचू नये, कारण ते लाकडासाठी बेतलेले असते आणि भिंतीत क्षार असतील तर ते फुगवून आकडा दाखवते. भिंतीसाठी त्याचा उपयोग तुलनेचा. पूर न लागलेल्या वरच्या भागात किती दाखवते ते आधी पाहावे, मग जमिनीपासून अर्धा फूट, एक, दोन, तीन आणि चार फुटांवर मोजून प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने आकडा व तारीख लिहून ठेवावी आणि दर पंधरवड्याला त्याच जागी पुन्हा मोजावे. आमच्या सोप्याच्या भिंतीवर असे आकड्यांचे पाच स्तंभ आहेत. सलग तीन वेळा आकडा हलला नाही आणि वरच्या कोरड्या भागाच्या जवळ आला, तेव्हाच आम्ही पुन्हा गिलावा केला, तोही चुन्याचा.

विजेविषयी मात्र वाट पाहायची नसते. पाण्याखाली गेलेले प्रत्येक स्विचबोर्ड आणि सॉकेट उघडून पाहिल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. भिंतीतल्या पाइपांत पाणी आणि गाळ आठवडेच्या आठवडे राहतो, बोर्डाची पुढची पट्टी कोरडी असली तरी. परवानाधारक वायरमनकडून मेगर लावून तारांचे इन्सुलेशन तपासून घ्यावे आणि त्याच खेपेला गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा.

समुद्राकडच्या तालुक्यांतील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतांच्या काठी बांध फुटून किंवा मानस (भरतीचे पाणी अडवणारे दार) निकामी होऊन खारे पाणी घरात शिरते, तेव्हा ओलाव्याबरोबर मीठही भिंतीत शिरते, आणि पाणी वाळले तरी मीठ वाळून जात नाही. साधे मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ का पाझरते ते यावरून कळेल. आपल्याकडे चार महिने आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे एकदा खारे पाणी प्यालेली भिंत पुढे एकही पूर न येता दर पावसाळ्यात ओली होते आणि दर हिवाळ्यात मिठाचे स्फटिक होऊन तिचे प्लास्टर भुगा होऊन गळते. अशा भिंतीला कितीही वाळवले तरी पुरेसे नाही. खारट प्लास्टर काढून टाकावे, चिरे ओले असतानाच गोड्या पाण्याने धुवावेत, त्यावर भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा जाड लेप द्यावा आणि तो वाळला की खरवडून घराबाहेर टाकावा. लेप वाळताना मीठ भिंतीतून लेपात ओढले जाते. हे दोन-तीनदा करावे लागते आणि त्यानंतरही पहिला चुन्याचा गिलावा मीठ शोषून घेण्यासाठीच आहे, तो काही वर्षांत बदलायचा आहे, असे मनाशी धरून चालावे.

बुरशीविषयी थोडक्यात सांगतो. ओल्या वस्तूवर ती २४ ते ४८ तासांत धरू लागते. लादी, काच, रंगवलेले लोखंड यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून निघते. गादी, उशी, फुगलेले प्लायवूड यांच्या आत ती रुजते आणि अशा वस्तू जड अंतःकरणाने का होईना टाकून द्याव्या लागतात. कोरडी बुरशी झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, नाकावर एन ९५ मास्क बांधावा. ब्लीच वापरायचेच असेल तर ते न्हाणीघर साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. घरात दम्याचे माणूस किंवा तान्हे मूल असेल तर काम संपेपर्यंत त्यांना दुसरीकडे हलवावे. माझ्या नातीला लागलेला हिवाळाभराचा खोकला पुढे खोलीतला कुबट वास गेला तेव्हाच गेला, याची खंत मला अजून आहे.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. गाळ ओला असतानाच काढून भिंती स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. वाळलेला गाळ छिद्रांत बसला की तो स्वतःच ओल धरून ठेवतो. त्यानंतर पुराच्या रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंतचे सिमेंटचे प्लास्टर काढावे, स्कर्टिंग काढावी, भिंतीलगतची लाद्यांची एक रांग उचलावी आणि घर काही महिने तसे उघडे, विद्रूप राहू द्यावे. लाकूड मात्र घाईने वाळवू नये. हीटर लावून वाळवलेल्या फणसाच्या फळ्या उभ्या तडकतात. आणि फुगून अडकलेल्या दाराला सुताराकडून रंधा मारून घेण्याचा मोह टाळावा. आमच्या मागच्या दाराला ऑगस्टमध्ये रंधा मारला. फेब्रुवारीत लाकूड आकसले आणि दार व चौकट यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट पडली. फुगलेले दार बिजागऱ्यांवरून उतरवून, दोन काठ्यांवर सपाट ठेवून सावलीत वाळू द्यावे, ते बहुधा मूळ मापावर येते.

आता प्रशासनासाठी. पुरानंतर चौथ्या दिवशी आमच्याकडे पाहणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्यांनी आपले काम नेटाने केले. त्या आठवड्यात ते दिवसाला कित्येक घरे पाहत होते. त्यांनी पुराची रेघ पाहिली, भिंती उभ्या असल्याची नोंद केली आणि आमच्या नावापुढे किरकोळ नुकसान असे लिहिले. त्या दिवशी त्यांना दिसले तेच त्यांनी लिहिले. चौकट कुजलेली सापडली ती दिवाळीच्या सुमारास, सोप्याचे प्लास्टर सुटले ते जानेवारीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने २०२२ ते २०२६ या काळाकरिता ठरवलेल्या निकषांत अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते, आणि तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. पहिल्या आठवड्यात उभ्या दिसणाऱ्या, पण पोटात शंभर लिटर पाणी असलेल्या भिंतीचे नुकसान किती टक्के धरायचे? सध्याच्या पद्धतीत त्याचे उत्तर शून्य असे येते, आणि मोलमजुरी करणारे कुटुंब ती कुजलेली चौकट कर्ज काढून बदलते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की पूर लागलेल्या प्रत्येक घराची दिवाळीनंतर दुसरी पाहणी व्हावी आणि पहिल्या पंचनाम्याला तिची पुरवणी जोडली जावी. पूरप्रवण गावांच्या पंचायतींनी पाणी उपसण्याच्या पंपांबरोबर दोन मॉइश्चर मीटर आणि दोन-तीन डिह्युमिडिफायर ठेवून ते घरोघरी पाळीने द्यावेत; एका पंचायतीला हा खर्च न झेपणारा नाही, आणि एका कुटुंबाला मात्र तो झेपत नाही. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या दुसऱ्या पाहणीत मोजमापाचे काम दिले तर त्यांनाही आपल्या चिऱ्याच्या घरांची ओळख होईल आणि पंचनाम्यात भिंतीच्या ओलाव्याचे आकडे येतील. वाळवण्याची मजुरी, लाद्या उचलून पुन्हा बसवण्याचा खर्च आणि वायरिंगची तपासणी या बाबी नुकसानीत धरल्या जाव्यात, एवढी दुरुस्ती राज्य सरकार आपल्या स्तरावर निश्चित करू शकते.

आपणांसही एक विनंती. चवथीपूर्वीच्या आठवड्यांत रंगांच्या जाहिराती आपल्या पानांवर असतात, आणि त्या असायला माझी हरकत नाही. पूर आलेल्या वर्षी त्याच दिवसांत, ओल्या भिंतीला फक्त पातळ चुना लावून चवथ साजरी करता येते आणि पक्का रंग शिगम्यानंतर द्यावा, एवढी चौकट आपण छापावी. मागील दोन पावसाळ्यांत मी ओळखीच्या अकरा घरांत हे सांगितले. सात घरांनी ऐकले. चुना लावलेली भिंत देवामागे जराही वाईट दिसत नाही.

माझ्याकडचे मीटर आणि प्लास्टिकचे कागद घरात पडून आहेत. सत्तरी किंवा डिचोलीत ज्यांच्या घरात यंदा पाणी शिरले असेल आणि भिंत मोजून पाहायची असेल, त्यांनी ते घेऊन जावेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. परत आणून देताना आपल्या घराचे आकडे कागदावर लिहून आणावेत, म्हणजे ते सगळे एकत्र करून दिवाळीनंतर मामलेदारांकडे नेता येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
सत्तरी, गोवा